बिनशेपटीचा सिद्धांत

समुद्रावर एकोणतीस वर्षं संशोधन केलेल्या माणसाला बोट लागते, हे कळलं तेव्हा मला डॉक्टरांची दया आली होती. ती फार दिवस टिकली नाही.

आमची संस्था समुद्राला अगदी लागून आहे. तीन मजली इमारत, खारट वाऱ्याने गंजलेल्या खिडक्या. दुसऱ्या मजल्यावरची समुद्राकडची मोठी खोली डॉक्टरांना मिळाली होती. त्यांनी ती अर्ज करून बदलून घेतली, कारण पाण्याची तिरीप संगणकाच्या पडद्यावर येते. आता ते बसतात तिथून वाहनतळ दिसतो. खाली कार्यशाळेत त्यांना सगळे ‘काठावरचे डॉक्टर’ म्हणतात. वर कोणी तसं म्हणत नाही, पण हसू कशाचं येतंय ते सगळ्यांना ठाऊक असतं.

एकोणतीस वर्षांत ते जहाजावर एकदाच गेले. अकरा दिवस. त्यातले दहा दिवस बिछान्यावर आडवे होते, उशाशी बादली. बाकी राहिलेल्या एका दिवसाच्या जोरावर ते आजवर गोष्टी सांगतात. मी नोकरीला लागलो तेव्हा त्या गोष्टीतल्या लाटा चार मीटरच्या होत्या. तीन वर्षांत त्या सात मीटरपर्यंत आल्या आहेत. हवामान बदलतंय याचा याहून चांगला पुरावा आमच्या संस्थेत नाही.

खोलीत एसी अठरावर असतो आणि त्या गारठ्यात ते गळाबंद स्वेटर घालून बसतात. टेबलावर एकसारख्या टोक केलेल्या सहा पेन्सिली. बोलताना नाकाने कांदे सोलल्यासारखा सूर. आमच्या किनाऱ्याजवळून कोमट पाण्याचा एक प्रवाह वाहतो, त्याला ते ‘माझा प्रवाह’ म्हणतात, जणू तो त्यांना सासरहून मिळाला होता. हा प्रवाह काही वर्षं जोरात असतो, काही वर्षं सुस्त. जोरात असला की लांबवर उष्णता नेऊन टाकतो, आणि मग कुठे पाऊस लवकर येतो, कुठे थंडी पडतच नाही. हे चढउतार मोजायचे आणि त्यांचं कारण शोधायचं, हे डॉक्टरांचं काम. पहिली तेवीस वर्षं त्यांच्या प्रत्येक निबंधाचं शेवटचं वाक्य एकच होतं: ‘वेग बदलतो असे दिसते, कारण अद्याप स्पष्ट नाही.’ वाक्य खरं होतं. पण असं वाक्य घेऊन बसलेल्या माणसाला परिषदेत कोणी पहिल्या रांगेत बसवत नाही.

मग सहा वर्षांपूर्वी रेषा वर जाऊ लागली. प्रवाहाचा वेग दर वर्षी वाढत होता. सहा वर्षांत एक पंचमांश! डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, सिद्धांत मांडला, आणि स्वेटरच्या आत त्यांची छाती पहिल्यांदा फुगलेली दिसली. हवामानाची घडीच बदलते आहे आणि तिची पहिली चाहूल त्यांच्या प्रवाहाला लागली आहे, असं ते सांगू लागले. जगभरच्या शास्त्रज्ञांचा एक मोठा अहवाल निघणार होता. त्यात सागरी प्रवाहांच्या प्रकरणात कोणाचं काम घ्यायचं हे ठरवायला तीन जणांची समिती आमच्याकडे येणार होती. डॉक्टरांना निवृत्त व्हायला दोन वर्षं उरली होती. त्या प्रकरणात आपली रेषा आणि रेषेखाली आपलं नाव, एवढीच त्यांची आता इच्छा होती. जेवताना, जिन्यात, हात धुताना तोंडात तेवढंच.

वेग मोजतात कसा, ते सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. समुद्रात आम्ही मोठ्या कलिंगडाएवढे गोळे सोडतो. त्यांना सगळे चेंडू म्हणतात. चेंडू आपण कुठे आहोत ते उपग्रहाला कळवत राहतो. तो नुसता सोडला तर वाऱ्यानेच वाहवत जाईल, म्हणून त्याच्याखाली लांब दोरीला कापडाची एक जाड नळी टांगलेली असते, चांगली दोन माणसं मावतील एवढी रुंद. ही शेपटी खोल पाण्यात राहते आणि चेंडूला प्रवाहाबरोबर ओढत नेते. शेपटी आहे तोवर चेंडू प्रवाहाचा. शेपटी गेली की वाऱ्याचा.

या शेपट्या शिवतात मामा. तळमजल्यावरच्या कार्यशाळेत त्यांचं अवजड शिलाई यंत्र आहे. पूर्वी ते होड्यांची शिडं शिवायचे. चष्मा दोऱ्याने कानाला बांधलेला, बोटाला चामड्याची टोपी. मामा डॉक्टरांबद्दल कधी वाईट बोलत नाहीत. डॉक्टरांचं नाव निघालं की ते फक्त सुईत दोरा ओवायला घेतात.

चेंडू आणखी एक गोष्ट कळवतो. तासाभरातला किती वेळ तो पाण्याखाली होता. शेपटी असली की लाटेच्या माथ्यावर ती त्याला खाली खेचते, चेंडू सारखा गटांगळ्या खातो. शेपटी नसली की तो बदकासारखा वरच्या वर तरंगतो. म्हणजे हा आकडा पाहिला की शेपटी आहे की नाही ते कळतं. आमच्या तक्त्यात त्याचा एक रकाना होता. होता म्हणतो, कारण तो मीच काढला.

नोकरीचा दुसरा आठवडा. डॉक्टरांना तक्ता छापून हवा होता आणि तो पानावर आडवा मावत नव्हता.

“हा शेवटचा रकाना काढून टाक,” ते म्हणाले.

“सर, पण तो बुडण्याचा...”

“अरे, चेंडू ओला आहे की कोरडा हे कळून मी काय करू? समुद्रात आहे ना? ओलाच असणार!”

मी हसलो. साहेबाच्या विनोदावर दुसऱ्या आठवड्यात कोण हसत नाही? रकाना काढला, तक्ता पानावर बसला, डॉक्टर खूश झाले. आधीही त्या रकान्याकडे कोणी पाहत नव्हतं; त्या दिवसापासून तर तो उपग्रहाच्या मूळ नोंदींत पडून राहिला आणि आमच्या कोणाच्या डोळ्यांसमोर आला नाही.

समितीच्या आधी दोन आठवडे त्यांनी मला रविवारी घरी बोलावलं. निमित्त छपाईयंत्र बिघडल्याचं. प्रत्यक्षात भाषण ऐकायला कोणीतरी हवं होतं. त्यांच्या पत्नी शाळेत भूगोल शिकवतात. जेवणाच्या टेबलावर वह्या तपासत बसल्या होत्या. डॉक्टर कपाटाच्या आरशासमोर उभे राहून माझ्याकडे पाठ करून जगाला उद्देशून बोलत होते.

“अहो,” बाईंनी मधेच विचारलं, “वेग वाढला हे कळलं. पण का वाढला?”

“ते गुंतागुंतीचं आहे.”

“वारा वाढलाय का?”

“वाऱ्याचा काही संबंध नाही.”

“मग पाणी काय आपल्याच मनाने धावायला लागलं?”

डॉक्टर आरशातूनच हसले. “तुझा शाळेतला भूगोल वेगळा गं.”

“हो का? माझ्या भूगोलात निदान होडीत बसता येतं मला.” बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “तू सांग रे, तुला पटतं हे?”

मी छपाईयंत्राच्या पोटात डोकं घातलं आणि कागद कुठे अडकलाय ते फार मन लावून शोधू लागलो. कागद अडकलेला नव्हताच.

समितीच्या नऊ दिवस आधी एक होडीवाला आमचा चेंडू घेऊन आला. त्याच्या जाळ्यात सापडला होता. “हे तुमचं अंडं सांभाळा,” म्हणाला, “माझं जाळं फाटलं ते वेगळंच,” आणि मामांच्या दारात तो टेकवून निघून गेला.

चेंडूला शेपटी नव्हती. खाली हातभर दोरी लोंबत होती आणि तिचं टोक रंगाच्या ब्रशासारखं पिंजारलेलं. मामांनी चष्मा सरळ केला, टोक बोटांत धरलं आणि फिरवून फिरवून पाहिलं.

“होडीवाल्याने कापली असेल,” मी म्हटलं.

“कापलेली दोरी अशी दिसते का? कापलं की टोक सरळ येतं. ही घासून तुटली आहे.” त्यांनी टोक माझ्यापुढे धरलं. पिंजारलेल्या धाग्यांच्या आत बारीक शिंपले चिकटले होते, एकावर एक, चांगले नखाएवढे. “हे तुटल्यावर वाढलेत. एवढं व्हायला चारपाच महिने लागतात.”

मी चेंडूवरचा क्रमांक वाचला. डॉक्टरांच्या तक्त्यातला सगळ्यात वेगवान चेंडू होता तो. सात महिन्यांपूर्वी सोडलेला. भाषणात त्याच्यासाठी वेगळं चित्र होतं.

वर जाऊन मी मूळ नोंदी उतरवल्या. गाळलेला रकाना परत लावला. त्या चेंडूचा बुडण्याचा आकडा दुसरा महिना संपता संपता धाडकन खाली आला होता आणि पुढे शून्याच्या आसपासच. वेग त्याच आठवड्यात वाढला होता. मग बाकीचे चेंडू काढले. सहा वर्षांत सोडलेले एकशेबारा. त्यांतल्या त्र्याण्णवांच्या शेपट्या पहिल्या तीन महिन्यांत गळाल्या होत्या. त्यापूर्वीच्या वर्षांत मात्र शेपट्या वर्ष-दीड वर्ष टिकायच्या. समुद्रात बिनशेपटीचे चेंडू दर वर्षी साचत गेले, तशी रेषा चढत गेली होती. मी शेपटी असेपर्यंतच्याच नोंदी ठेवल्या आणि रेषा पुन्हा काढली. रेषा आडवी झोपली. प्रवाह होता तसाच होता. सहा वर्षं आम्ही वारा मोजत होतो आणि त्याला समुद्र म्हणत होतो.

डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी आकडे पाहिले, रेषा पाहिली, एक पेन्सिल उचलली, ठेवली. मी वाट पाहत होतो, आता विचारतील की हिशेब बरोबर आहे ना, दुसऱ्या पद्धतीने तपासलंस का.

“आणखी कोणाला माहीत आहे?” हा त्यांचा पहिला प्रश्न.

“मामांना.”

ते तसेच उठले आणि स्वेटर घालून तळमजल्यावर आले. मामांनी त्यांना बसायला रिकामा खोका दिला. डॉक्टर बसले नाहीत.

“मामा, ही दोरी त्या होडीवाल्याने कापली, बरोबर?”

“नाही साहेब.”

“मग तुमची शिवण कच्ची राहिली असेल. आता वय झालं, होतं असं.”

मामा शांतपणे उठले, फळीवरून जाड कापडाचा एक तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला. आग विझवायच्या जुन्या पाइपाचं कापड होतं, नळीसारखं शिवलेलं, एका तोंडाला दुमडून कड घातलेली.

“हा मोजा ओळखता?”

“हे काय आहे?”

“दोरी चेंडूला जोडतो तिथे हा चढवायचो. तिथेच घासतं ना. एकेक हाताने शिवायला अर्धा दिवस जायचा. सहा वर्षांपूर्वी चाळीस चेंडू सोडायचा मोठा समारंभ ठेवला होता तुम्ही, पाहुणे यायचे होते, तारीख ठरलेली. तुम्ही खाली आलात. म्हणालात, मामा, हे नक्षीकाम कशाला, समुद्रात कोण बघायला बसलंय?”

डॉक्टरांनी मोजा उचलून परत ठेवला.

“मी म्हटलं, नक्षी नाही साहेब, घासतं तिथे. तुम्ही म्हणालात, घासू दे थोडं. मग वरून लेखी कागदच आला, मोजा बंद. तेव्हापासून बंद.”

म्हणजे हवामानाची जी घडी सहा वर्षांपूर्वी मोडली, ती या माणसाने तळमजल्यावर उभं राहून, समारंभाच्या घाईत स्वतः मोडली होती. आणि मग तीच शोधून काढल्याबद्दल छाती काढून हिंडत होता.

डॉक्टर वाकले. त्यांनी दोरीचं टोक हातात घेतलं आणि नखाने एक शिंपला हळूच खरवडायला लागले. क्षणभर मला वाटलं, वाईट वाटलं असेल बिचाऱ्याला, आयुष्यभराची कमाई ही. मग त्यांनी दुसरा शिंपला खरवडला, तिसरा खरवडला, आणि माझ्या लक्षात आलं की ते पुरावा काढताहेत.

“राहू द्या साहेब,” मामा म्हणाले, “त्याच्याखाली अजून आहेत.”

समिती आली. अध्यक्ष एक बाई होत्या, आखूड केस, पायात साध्या चपला, तळहात दोरखंड ओढणाऱ्याचे असावेत तसे राठ. त्यांची जहाजावरची वर्षं बहुधा डॉक्टरांच्या दिवसांपेक्षा जास्त होती. डॉक्टरांनी भाषण केलं, तेच, आरशासमोरचं. रेषा चढली. वेगवान चेंडूचं चित्रही दाखवलं. मी शेजारी बसून चित्रं पुढे सरकवत होतो. हात चालत होते, तोंड बंद होतं. नऊ दिवस मी मूग गिळले होते, आणि आता सांगतो, ते पचत नाहीत.

भाषण संपल्यावर बाईंनी एकच प्रश्न विचारला. “शेपट्या तपासल्या होत्या ना?”

“अर्थात. सगळ्या.”

“पण तक्त्यात बुडण्याचा रकाना दिसला नाही.”

डॉक्टर पाणी प्यायले. “तो... पानावर मावला नाही.”

त्या दिवसातलं त्यांचं हे एकमेव खरं वाक्य होतं. समितीतला एकजण हसला. बाई हसल्या नाहीत.

“मग मोठ्या पानावर पाठवा,” त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. “तू पाठवशील? सोमवारपर्यंत?”

डॉक्टर माझ्याकडे पाहत होते. असं पाहणं मी त्यांच्याकडून कधी अनुभवलं नव्हतं. विनवणी होती त्यात.

“पाठवतो,” मी म्हटलं.

जिन्यात त्यांनी मला गाठलं. “अरे, दोनच वर्षं राहिली आहेत माझी. दोनच.” आवाज नेहमीचा नव्हता, नाकातून येत नव्हता. मला पुन्हा थोडी दया आली, हे कबूल करतो. मी म्हटलं, “सर, सोमवारी सकाळपर्यंत थांबतो. तुम्हीच कळवा त्यांना. तुम्ही कळवलंत तर बरं दिसेल.”

सोमवारी सकाळी ते आले ते दाढी करून, ताजेतवाने, हातात अठरा पानं. समोर ठेवली. शीर्षक होतं: ‘तरंगत्या मापकांच्या शेपट्या गळल्याने प्रवाहवेगात येणारी चूक: एक नवा शोध’. आत लिहिलं होतं, ‘लेखकाच्या असे निदर्शनास आले की...’ शेपट्या का गळाल्या? ‘जोडणीतील दोषामुळे’. कोणाच्या? ते लिहिलेलं नव्हतं, दोष आपोआप उगवला होता. उपाय? ‘लेखकाने सुचवलेले संरक्षक आवरण, पाहा आकृती तीन’. आकृती तीनमध्ये मामांचा मोजा होता, नीट रेघा मारून काढलेला. मामा शेवटच्या पानावर होते: ‘कार्यशाळेतील कर्मचाऱ्यांचे आभार’.

आणि पहिल्या पानावर, डॉक्टरांच्या नावाखाली, माझं नाव.

“मामांचं नाव घालायला हवं, सर.”

“अरे, त्यांना निबंधाचा काय उपयोग? तुला आहे. तुझी नोकरी पक्की व्हायची आहे ना अजून?”

मी अठरा पानं परत त्यांच्यासमोर सरकवली. माझं नाव काढा असं मात्र म्हणालो नाही. हे मी डॉक्टरांबद्दल लिहितो आहे, म्हणून एवढंच.

निबंध आणि पुरा तक्ता, दोन्ही एकाच लिफाफ्यात गेले. समितीच्या बाईंचं पत्र आलं, की स्वतःची चूक स्वतः उघड करणारे शास्त्रज्ञ दुर्मीळ असतात. डॉक्टरांनी ते पत्र चौघांना वाचून दाखवलं आणि पाचव्याला ऐकू जाईल अशा आवाजात. अहवालाच्या प्रकरणात त्यांना जागा मिळाली. वर जाणारी रेषा नाही, आडवी रेषा आणि आकृती तीन. खाली नाव. आता परिषदांत ते ‘मापनातील प्रामाणिकपणा’ या विषयावर बोलतात, पहिल्या रांगेत बसतात, आणि त्यांच्या पत्नींनी मला विचारलं, “हे रात्री झोपेतसुद्धा भाषण करतात रे, बंद कसं करायचं?”

छापलेला अहवाल मी मामांना दाखवायला खाली नेला. त्यांनी आकृती तीन नाकाजवळ धरली, मग लांब धरली.

“हा उलटा काढलाय.”

“काय?”

“मोजा. दुमडलेली कड वर हवी, चेंडूकडे. यात खाली दाखवली आहे. ती खाली आली की दोरी तिच्यावरच घासणार. मोजा नसता तर तीन महिने टिकली असती, हा असा घातला तर महिनाभरात तुटेल.”

मी तसाच वर पळालो. डॉक्टर पुढच्या भाषणाची तयारी करत होते. त्यांनी आकृती पाहिली, खांदे उडवले.

“छापून झालंय आता. चूक झाली म्हणून पुन्हा पत्र पाठवायचं? एकदा प्रामाणिकपणा केला तो पुरे नाही का? आणि तुटल्या कोणाच्या शेपट्या तर होईल की अजून एक निबंध.”

ते गंमत करत होते की नाही, मला अजून कळलेलं नाही.

अकरा प्रयोगशाळांनी तोवर आकृती मागवली होती. मी मामांकडून ती सुलट काढून घेतली, कागदाच्या कोपऱ्यात त्यांना सही करायला लावली. “कशाला रे?” म्हणत त्यांनी तीनदा पेन झटकलं, मग केली. अकरा पत्रं मी स्वतः लिहिली, दुसरा लेखक म्हणून, आणि त्यात लिहिलं की हा मोजा यांचा, कड अशी, कृपया आधीचं चित्र फेकून द्या.

पहिलं उत्तर काल आलं. मोजे सुलटे केले, असं त्यात आहे. चूक वेळीच कळवल्याबद्दल डॉक्टरांचे मनःपूर्वक आभार मानले आहेत. पत्र डॉक्टरांच्या टेबलावर गेलं. मामांना मी एवढंच सांगितलं की मोजे सुलटे झाले.